तीन टक्के, तीन अर्थ : किडनी प्रत्यारोपणाआधीची जुळणी समजून घेताना

"किती टक्के जुळलं हो?"

टिश्यू टायपिंगच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढल्यावर हा प्रश्न मला समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच ऐकू येतो. एकदा एक तरुण खिडकीशी आला. हातातला कागद घट्ट धरलेला, डोळे सुजलेले. म्हणाला, "मॅडम, आईचं फक्त चार टक्के जुळलं. आता काय करायचं?" कागद पाहिला, तर तो क्रॉसमॅचचा रिपोर्ट होता. चार टक्के होते ते मेलेल्या पेशींचे, आणि त्यात आकडा जितका कमी तितकं बरं. आईची किडनी त्याला चालणार होती. घरच्यांनी मात्र आदली रात्र रडून काढली होती.

म्हणून सुरुवातीलाच सांगते. या तपासण्यांच्या कागदांवर तीन वेगवेगळे टक्के येतात. टायपिंगचे टक्के म्हणजे दोघांच्या पेशींवरच्या खुणा किती सारख्या आहेत ते. तिथे जास्त असेल तर चांगलं. क्रॉसमॅचचे टक्के म्हणजे रुग्णाच्या रक्तद्रवाने डोनरच्या किती पेशी मारल्या ते. तिथे कमी असेल तर चांगलं. तिसरे पीआरएचे टक्के, म्हणजे रुग्णाचं रक्त एकूण किती लोकांच्या अवयवांना विरोध करेल याचा अंदाज. तिथेही कमी असेल तर चांगलं. कागद हातात आला की आधी वरचं शीर्षक वाचा, आकडा नंतर. आता क्रमाने जाऊ.

आधी रक्तगट

नियम रक्त देण्याघेण्यासारखाच आहे. ओ गटाचा माणूस कुणालाही किडनी देऊ शकतो, एबी गटाचा रुग्ण कुणाचीही घेऊ शकतो, ए गटाला ए किंवा ओ, बी गटाला बी किंवा ओ. पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा इथे संबंध नाही. ही गोष्ट कितीदा सांगितली तरी लोकांना पटत नाही. बी निगेटिव्ह नवऱ्याला बी पॉझिटिव्ह बायको चालते, खुशाल चालते.

रक्तदान शिबिरात मिळालेल्या कार्डावर विसंबू नका. रुग्णालय दोघांचा गट पुन्हा तपासेल, तोही दोन वेगळ्या सॅम्पलवर. यामागे एक कारण आपल्या मुंबईतलंच आहे. १९५२ साली डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'बॉम्बे' रक्तगटाची नोंद केली. साध्या तपासणीत हा गट ओ वाटतो, पण ओ गटाचं रक्तही त्याला सोसत नाही. असा माणूस क्वचितच भेटतो, पण भेटला आणि लक्षात आलं नाही तर फार महागात पडतं.

गट जुळला नाही तर दार बंद होत नाही. त्याबद्दल पुढे येईलच.

याच टप्प्यावर डोनरच्या साध्या तपासण्याही उरकून घ्या: रक्तदाब, साखर, लघवी, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), सोनोग्राफी. मी पाहिलंय, लोक आधी महागड्या तपासण्या करून बसतात आणि मग कळतं की डोनर भावाला मधुमेह आहे. आधी स्वस्त तपासण्या, मग जुळणी, आणि किडनीच्या रक्तवाहिन्यांचं सीटी अँजिओ सगळ्यात शेवटी, हा क्रम खिशाला आणि डोनरच्या शरीराला, दोघांनाही मानवतो.

टायपिंग : माळांचा हिशेब

आपल्या पेशींवर काही खुणा असतात. त्यांना एचएलए म्हणतात. शरीर त्यावरून आपलं कोण आणि परकं कोण ते ओळखतं. या खुणा ठरवणारी जनुकं सहाव्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी असतात आणि सहसा एकगठ्ठा पुढच्या पिढीत जातात. एका दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखी. प्रत्येकाकडे अशा दोन माळा असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून.

आईच्या माळा क आणि ख, वडिलांच्या ग आणि घ समजा. प्रत्येक मूल दोघांकडून एकेक उचलतं. म्हणजे मुलांत चारच जोड्या संभवतात: कग, कघ, खग, खघ. यातून तीन गोष्टी निघतात. आईवडील आणि मूल यांच्यात नेहमी एक माळ सारखी, म्हणजे निम्मी जुळणी ठरलेलीच. ती कमी का आली म्हणून खंतावण्यात अर्थ नाही. सख्ख्या भावंडांत दोन्ही माळा सारख्या असण्याची शक्यता चारात एक, एकच सारखी असण्याची चारात दोन आणि एकही सारखी नसण्याची चारात एक. त्यामुळे "सख्खा भाऊ आहे, जुळणारच" असं गृहीत धरू नका. नवरा-बायकोत माळा सहसा वेगळ्याच असतात. पण आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आहे, आणि अशा जोडप्यात मामाच्या घराण्याची एक माळ दोघांकडे असण्याची शक्यता चारात एक असते. नवरा-बायकोची निम्मी जुळणी पाहून डॉक्टरांनी भुवया उंचावल्या, तर नातं सांगून टाका.

तपासणी सोपी आहे. दोघांचं थोडं रक्त जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतात, त्यातून डीएनए काढतात आणि खुणा वाचतात. उपाशी राहायची गरज नाही. रिपोर्टवर ए, बी, डीआर अशी नावं आणि प्रत्येकापुढे दोन आकडे दिसतील. या तीन जागांचे दोन-दोन मिळून सहा, म्हणून 'सहापैकी तीन', 'सहापैकी एक' अशी भाषा चालते. आता सी, डीक्यू, डीपी यांचीही नोंद करतात, आणि ते चांगलंच आहे, कारण विशेषतः डीक्यूविरुद्ध शरीरात तयार होणारे प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, पुढे जाऊन त्रास देतात. एखाद्या जागी एकच आकडा आणि पुढे आडवी रेघ असेल, तर बहुधा दोन्ही माळांत तोच मणी आहे. तपासणी अर्धवट राहिली असं समजू नका.

आता सगळ्यांना ऐकायचं असतं ते. कमी जुळलं तर किडनी चालत नाही का? चालते. १९५४ साली बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं, ते एकसारख्या जुळ्या भावांत. तेव्हा पूर्ण जुळणीशिवाय दुसरा मार्गच नव्हता. पण सायक्लोस्पोरिन आणि पुढे टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट अशी शरीराचा विरोध दाबणारी औषधं आली आणि चित्र पालटलं. लॉस एंजेलिसचे प्रत्यारोपण-संशोधक पॉल तेरासाकी यांनी १९९५ साली अमेरिकेतली आकडेवारी मांडली. तीन वर्षांनंतर जोडीदाराच्या किडन्यांपैकी ८५ टक्के चालू होत्या, आईवडिलांच्या ८२ टक्के आणि मृत दात्यांच्या ७० टक्के. जोडीदाराची जुळणी जवळजवळ काहीच नसते, तरी ती निम्मी जुळणाऱ्या आईवडिलांच्या बरोबरीने टिकली. जिवंत, निरोगी माणसाची, बाहेर फार वेळ न राहिलेली किडनी हीच मोठी जमेची बाजू. दोन डोनर तयार असतील, बाकी सगळं सारखं असेल, तर अधिक जुळणारा निवडावा. रुग्ण तरुण असेल तर जरूर निवडावा, कारण त्याला आयुष्यात दुसऱ्यांदा किडनी लागू शकते. पण एकच डोनर असेल आणि टायपिंग सहापैकी शून्य असेल, तर तेवढ्यासाठी त्याला घरी पाठवू नका.

एक नाजूक गोष्ट. टायपिंगमधून नाती उघडी पडतात. वडील आणि मुलगा यांच्यात एकही माळ सारखी नाही, असं क्वचित निघतं. दत्तक घेतल्याचं मुलाला सांगितलेलं नसतं, किंवा आणखी काही. असं काही असेल तर रक्त देण्याआधी नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीचे डॉक्टर) किंवा ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेटरशी एकट्याने बोला. नंतर खिडकीवर, चार नातेवाइकांसमोर ते कळणं फार वाईट असतं.

प्रतिपिंड : खरी अडचण इथे

टायपिंगचे गुण कमी पडले तर औषधं सांभाळून घेतात. पण रुग्णाच्या रक्तात डोनरच्या खुणांविरुद्ध प्रतिपिंड आधीपासून तयार असतील, तर नवी किडनी शस्त्रक्रियेच्या टेबलावरच काळीनिळी पडू शकते. लोक टायपिंगचे टक्के विचारत बसतात आणि ही बाजू कुणी विचारतच नाही. माझी जुनी तक्रार आहे ही.

असे प्रतिपिंड तीन वाटांनी तयार होतात: रक्त चढवल्याने, गरोदरपणात आणि आधीच्या प्रत्यारोपणामुळे. गरोदरपणात बाळाच्या अंगावर वडिलांच्या खुणा असतात आणि आईचं शरीर त्यांची ओळख लक्षात ठेवतं. त्यामुळे किडनी बायकोला हवी आणि डोनर नवरा किंवा मुलगा असेल, तर या तपासण्या जास्त काटेकोर कराव्या लागतात. गर्भपात झाला असेल, तोही मोजायचा. अनेक बायका सासरच्यांसमोर हे सांगत नाहीत. बहिणींनो, डॉक्टरांना एकटीने भेटा, पण सांगा.

डायलिसिसवर असताना हिमोग्लोबिन कमी आलं की "एक बाटली चढवून टाकू" असं सहज म्हटलं जातं. प्रत्यारोपणाचा विचार असेल तर विचारा: लोह आणि एरिथ्रोपोएटिन या रक्त वाढवणाऱ्या इंजेक्शनवर भागेल का? जीव वाचवायला रक्त लागलं तर घ्यायचंच, पण पांढऱ्या पेशी गाळून काढलेलं मिळेल का ते पाहा आणि तारीख डायरीत लिहून ठेवा. रक्त चढल्यावर प्रतिपिंड उभे राहायला साधारण दोन आठवडे लागतात. त्यामुळे आदल्या दिवशी रक्त चढवून दुसऱ्या दिवशी दिलेलं सॅम्पल खोटी खात्री देतं.

पीआरए ८० टक्के आलं म्हणजे अंदाजे शंभर डोनरांपैकी ऐंशी जण या रुग्णाला अडचणीचे ठरतील. उरलेल्या विसांत आपला माणूस आहे का, हे पुढच्या तपासणीतच कळतं.

क्रॉसमॅच

डोनरच्या रक्तातल्या लिम्फोसाइट, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशी, वेगळ्या करतात. त्यांच्यावर रुग्णाचा रक्तद्रव घालतात, मग सशाच्या रक्तातून मिळवलेली काँप्लिमेंट नावाची प्रथिनं घालतात. रुग्णाकडे विरोधी प्रतिपिंड असतील तर पेशी मरतात. मेलेल्या पेशी रंग शोषतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. हिला सीडीसी पद्धत म्हणतात. तेरासाकी यांनीच ती १९६४ साली इवल्याशा थेंबांवर बसवली, आणि १९६९ साली पटेल व तेरासाकी यांनी तिचं मोल दाखवून दिलं. पॉझिटिव्ह क्रॉसमॅच असूनही झालेल्या ३० प्रत्यारोपणांपैकी २४ किडन्या लगेच निकामी झाल्या. निगेटिव्ह असलेल्या १९५ मध्ये अशा फक्त ८ होत्या. तेव्हापासून ही तपासणी सहसा कुणी टाळत नाही.

बऱ्याच प्रयोगशाळा १० टक्क्यांपर्यंत निगेटिव्ह धरतात, २० च्या वर पॉझिटिव्ह, आणि मधला पट्टा शंकेचा. रिपोर्टवर 'डीटीटीसह' आणि 'डीटीटीविना' असे दोन निकाल असतात. डीटीटी हे रसायन आयजीएम प्रकारचे प्रतिपिंड मोडतं. ते सहसा किडनीला धोका देत नाहीत. डीटीटीविना पॉझिटिव्ह आणि डीटीटीसह निगेटिव्ह आलं, तर बहुधा जिवात जीव आणायला हरकत नाही, पण अखेरचा शब्द डॉक्टरांचा.

फ्लो क्रॉसमॅच हीच परीक्षा यंत्रावर, अधिक बारकाईने घेतं. लिम्फोसाइटच्या दोन जाती, टी पेशी आणि बी पेशी, यांचे निकाल वेगळे देतं. त्याहून बारीक तपासणी म्हणजे ल्युमिनेक्स यंत्रावरची सिंगल अँटिजेन. तिच्यात नेमकी कोणत्या खुणेविरुद्ध किती ताकदीचे प्रतिपिंड आहेत, हे एमएफआय नावाच्या आकड्यात कळतं. डोनरच्याच खुणेविरुद्ध असले तर त्यांना डीएसए म्हणतात. एका प्रयोगशाळेचा एमएफआय दुसरीच्या एमएफआयशी ताडून पाहू नका. ते एकाच मापाने मोजलेले नसतात. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाच्या आकड्याशी तर नाहीच नाही.

सॅम्पल देताना एवढं सांभाळा. रुग्णाचं रक्त डायलिसिसच्या आधी द्या, कारण डायलिसिसमधलं हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, मध्ये लुडबुड करतं. रिटक्सिमॅब किंवा एटीजीसारखं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध मिळालं असेल तर फॉर्मवर लिहाच. त्यांनी क्रॉसमॅच खोटं पॉझिटिव्ह येऊ शकतं. आणि क्रॉसमॅचसाठी डोनरचं रक्त बर्फात घालून आणू नका. पेशी जिवंत हव्यात, म्हणून खोलीच्या तापमानाला ठेवून शक्यतो त्याच दिवशी पोचवा. एकदा लातूरकडच्या एका कुटुंबाचं रक्त त्यांच्या रुग्णालयाने मोठ्या काळजीने बर्फाच्या डब्यात घालून पाठवलं. आमच्याकडे पोचलं तोवर निम्म्या पेशी गेलेल्या. डोनर म्हणजे सत्तरीतली आजी, तिला एसटीने पुन्हा यावं लागलं. ती काही बोलली नाही. हात पुढे केला आणि म्हणाली, "घे बाई, रक्ताला काय तोटा."

निकाल मनासारखा नाही आला तर

घरात दुसरा डोनर आहे का, हे आधी पाहा. नसेल तर तीन वाटा आहेत. स्वॅप, म्हणजे डोनरांची अदलाबदल, ही माझ्या मते सर्वांत शहाणी. समजा सोलापूरच्या कुटुंबात नवरा ए गटाचा आणि बायको, जी डोनर आहे, ती बी गटाची. नाशिकच्या कुटुंबात नेमकं उलटं. दोन्ही डोनर एकमेकांच्या रुग्णाला किडनी देतात आणि शस्त्रक्रिया बहुधा एकाच दिवशी होतात. अवयव प्रत्यारोपण कायद्यातल्या २०११ च्या दुरुस्तीने हे मान्य केलं आहे. अट अशी की प्रत्येक डोनर आपापल्या रुग्णाचा जवळचा नातेवाईक हवा. तुमच्या रुग्णालयात स्वॅपची यादी आहे का आणि ते इतर रुग्णालयांशी जोडलेलं आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा. यादी मोठी तितकी जोडी लवकर मिळते.

दुसरी वाट म्हणजे रक्तगट न जुळताही किंवा प्रतिपिंड असतानाही प्रत्यारोपण. आधी प्लाझ्मा बदलून, रिटक्सिमॅब आणि आयव्हीआयजी ही औषधं देऊन प्रतिपिंड खाली आणतात. हे होतं, पुण्या-मुंबईत होतं, पण खर्च वाढतो आणि जंतुसंसर्गाचा धोकाही. घाईत हो म्हणू नका.

तिसरी, मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी प्रतीक्षा यादी. डोनर शोधत असतानाही नाव नोंदवता येतं. नोंदणी रुग्णालयामार्फत होते आणि वाटप मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या झेडटीसीसींमार्फत, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांमार्फत. २०२३ पासून नोंदणीसाठी अधिवासाची अट आणि ६५ वर्षांची मर्यादा केंद्राने काढून टाकली आहे. यादीत असाल तर प्रयोगशाळेत तुमच्या रक्तद्रवाचं ताजं सॅम्पल ठरलेल्या मुदतीने जमा करत राहा. रात्री दोन वाजता किडनी उपलब्ध झाली की क्रॉसमॅच त्यावरच होतं. फोन चालू ठेवा, आणि घरातल्या आणखी दोघांचे नंबर द्या.

कागदपत्रं

जवळचे नातेवाईक म्हणजे जोडीदार, आईवडील, मुलं, भावंडं, आजीआजोबा आणि नातवंडं. चुलत, मावस, मेहुणा, मित्र यांना परवानगीसाठी प्राधिकार समितीसमोर जावं लागतं. आपल्याकडे खरा घोळ होतो तो नावांचा. लग्न झालेल्या बहिणीच्या आधारवर सासरचं नाव, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं, रेशनकार्डावर तिसरंच काही. विवाह नोंदणी दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र आधीच काढा. टायपिंगचा रिपोर्ट इथेही नात्याचा पुरावा म्हणून जोडला जातो.

डोनर स्त्री असेल तर तिची संमती स्वतंत्रपणे, रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळून घ्यायला नियम सांगतात. आणि आपल्याकडे डोनर बहुतेकदा स्त्रीच असते. सासू, नवरा बाहेर बसलेले असताना तिला मनातलं बोलता यायला हवं. तिला द्यायची नसेल, तर डॉक्टर घरच्यांना एवढंच सांगतात की वैद्यकीयदृष्ट्या त्या योग्य नाहीत. हे तिला आधीच ठाऊक असू द्या.

शस्त्रक्रियेच्या आधीचे दिवस

क्रॉसमॅच पुन्हा एकदा होतं, शस्त्रक्रियेच्या अगदी जवळ. "आधी केलंय ना?" म्हणून कुरकुर करू नका. मधल्या काळात ताप आला, लस घेतली, रक्त चढलं असेल तर आपणहून सांगा.

आणि टायपिंगचे दोन्ही रिपोर्ट, रुग्णाचा आणि डोनरचाही, जपून ठेवा. टायपिंग आयुष्यात बदलत नाही. पाच वर्षांनी क्रिएटिनिन चढलं आणि डीएसए तपासायची वेळ आली, तर डॉक्टर पहिल्यांदा डोनरच्या खुणा मागतील. तोवर फाइल माळ्यावर गेलेली असते आणि रुग्णालयाची संगणकप्रणाली बदललेली. फोटो काढून तीन जणांच्या मोबाइलमध्ये ठेवा, डोनरच्याही.